पातेल्यावर चाललेला कॉम्प्युटर

आळे गावात कुणाच्याही घरी जा आणि त्यांचा जुना मिक्सर उलटा करून बघा. बुडाशी बारीक ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत काहीतरी ठोकलेलं सापडेल. 'हळकुंड घातले.' 'झाकण न लावता चालवला.' एका इस्त्रीवर तर मी माझ्या डोळ्यांनी वाचलंय, 'रागाने आपटली.' ही सगळी आमच्या शेठची अक्षरं. कुणाचीही वस्तू दुरुस्त केली की ती कशामुळं बिघडली, हे शेठ छिन्नी-हातोडीनं तिच्यावर लिहायचे, आणि मालकाच्या हातात द्यायचे. लोक शिव्या घालायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्यांच्याकडंच यायचे.

शेठचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान होतं. पणजोबा कधीतरी राजस्थानातून उंटावर बसून आले म्हणे. शेठना स्वतःला उंट पाहिलेला आठवत नव्हता आणि मारवाडीपेक्षा जुन्नरची मराठी जास्त चांगली यायची. लग्नकार्यात आहेराच्या भांड्यांवर नावं घालून द्यायची, हे त्यांचं खरं काम. त्यासाठी विजेवर चालणारं पेन निघालं होतं, ते त्यांनी आणलं, आठ दिवसांत बिघडलं, त्यांनी ते उघडलं, आणि तिथून त्यांना जी चटक लागली ती लागलीच. पेन दुरुस्त झालं तरी नावं मात्र पुन्हा हातानंच घालायला लागले. म्हणायचे, "पेन लई घाई करतं. माणसाचं नाव घाईनं घालू नाय."

दुरुस्तीचे पैसे घ्यायचे नाहीत. भांडी विकायला बसलोय, त्याचे घेतो, म्हणायचे. पण एक अट होती. वस्तू गल्ल्यासमोर ठेवली की शेठ चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "काय चुकलं?" वस्तूचं काय चुकलं असं नाही हं. तुमचं काय चुकलं! ते कबूल केल्याशिवाय स्क्रू फिरायचा नाही. एकदा एक दणकट पैलवान टेबलफॅन घेऊन आला. "आपोआप बंद पडला, शेठ." शेठनी त्याला चहा पाजला, पेपर वाचायला दिला आणि तासभर त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. शेवटी पैलवान खाली मान घालून म्हणाला, "बायकोशी भांडताना लाथ मारली." शेठ एकदम खूश. "हां! मग दांडा वाकला असंल, मोटारीला काय झालेलं नाय!" पंधरा मिनिटांत पंखा गरगरा फिरायला लागला. बुडाशी 'लाथ मारली' असं लिहून मिळालं, ते बायकोनं सगळ्या आळीला दाखवलं.

आणखी एक. कुठलंही यंत्र उघडायच्या आधी शेठ त्यावरून पुंजणी फिरवायचे. पुंजणी म्हणजे जैनांकडं असते ती मऊ दोऱ्यांची छोटी झाडणी, मुंगी-किडा असेल तर न दुखावता बाजूला करायची. दिवेलागणीनंतर तर कामच बंद. "उजेडावर किडं येत्यात, आत शिरत्यात, मरत्यात. आपला रेडिओ सकाळपर्यंत गप बसला तर काय बिघडलं?" झुरळ निघालं तर त्याला पोस्टकार्डावर बसवून रस्त्यापलीकडं सोडून यायचे. पलीकडचा किराणावाला बोंबलायचा, कारण झुरळ सरळ त्याच्याच दुकानात शिरायचं.

मी या माणसाची भाडेकरू. दुकानावरची खोली माझी. मी शिनोलीची, पुण्यात राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली आमच्या घरातली पहिली मुलगी, तेव्हा डोक्यात हवा किती असेल ते तुम्हीच समजा. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आळ्याजवळच्या एका शाळेनं मला हंगामी घेतलं. हंगामी म्हणजे कसं, जूनमध्ये कॉम्प्युटर चालू करून दाखवायचा, संस्थेचे अध्यक्ष बघायला येणार, त्यांना पटलं तर नेमणूक, नाहीतर शिनोलीची एसटी.

आणि कॉम्प्युटर कसला होता! कधीकाळी सरकारी योजनेतून आलेला, वर्षानुवर्षं कोठीच्या खोलीत पडलेला. जाडजूड कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळा कॉम्प्युटर. त्याला टीव्ही जोडायचा आणि टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून प्रोग्रॅम भरायचा. पुण्यात माझ्या सरांनी असला कॉम्प्युटर फक्त फोटोत दाखवला होता. मला तर तो बघताक्षणी आवडला. असं वाटलं, कुणाचे तरी आजोबा बसलेत आणि बोलवण्याची वाट बघताहेत.

शाळा उघडली त्या दिवशी शुभारंभ. नवं यंत्र सुरू करायचं तर पूजा हवीच! मी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, फूल ठेवलं. शाळेच्या शिपायांनी, त्यांना सगळे मामा म्हणायचे, नारळ फोडला. करवंटीतलं पाणी मी घेतलं आणि आमच्या घरी ट्रॅक्टरला करतात तसं चारी बाजूंनी छान शिंपडलं. वर, मागं, जाळीवर, सगळीकडं. मुलं टाळ्या वाजवत होती, मला काय चेव आला होता म्हणून सांगू! मग मी मोठ्या थाटात म्हटलं, "मामा, दाबा बटण."

मामांनी दाबलं. फाट्! मागच्या जाळीतून पांढरा धूर आणि असला घाणेरडा वास, की पहिली ओळ मुख्याध्यापकांसकट व्हरांड्यात. धूर ओसरल्यावर मुख्याध्यापक आत आले ते लालबुंद होऊन. "बटण कुणी दाबलं?"

मामा म्हणाले, "म्या, सर."

"तुम्हाला कळतंय का त्यातलं? लेखी खुलासा द्या."

मी तिथंच उभी होते. हातात करवंटी होती. ती मी पाठीमागं लपवली. माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही, आणि हे मी आज उघड लिहितेय कारण त्याची लाज अजून गेलेली नाही. मामा दहा वर्षं टेंपररी होते. त्या वर्षी कायम व्हायचे होते, त्यांचा कागद आठ दिवसांनी अध्यक्षांच्याच सहीला जायचा होता. खुलाशाचा कागद त्याला जोडला की संपलं. सगळं माहीत असून मी गप्प बसले, का, तर माझी नेमणूक जाईल म्हणून.

कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून जीपमध्ये मांडीवर घेऊन मी शेठकडं आणला. ते उडालेच! "हे काय? हा कीबोर्ड का हार्मोनियम?" पुंजणी फिरवून झाली. मग चष्मा कपाळावर गेला. "काय चुकलं, बाई?"

"व्होल्टेज वाढलं असेल, शेठ."

त्यांनी झाकण उघडलं. आत डाव्या हाताला पत्र्याची एक डबी होती. हा पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज घ्यायची आणि तिची पाच व्होल्टची शिस्तशीर वीज करून आतल्या बोर्डाला द्यायची, एवढंच त्याचं काम. डबीत एक पिवळा भाग तडकून फुटला होता. बाजूला काळं झालेलं. शेठनी बोट फिरवलं, बोट चिकट झालं, ते नाकाशी नेलं. "हे काय?"

"पावसाळी हवा आहे ना, दमट झालं असेल."

शेठनी झाकण लावलं, चादर पांघरली आणि एका गिऱ्हाइकाला तांब्या दाखवायला लागले. झालं! तो दिवस गेला, दुसरा गेला. मी विचारलं की म्हणायचे, "बघू." मला असा राग यायला लागला! म्हातारा मुद्दाम करतोय, काही येत नाही त्याला, पंखे-मिक्सर ठीक आहेत, कॉम्प्युटर म्हणजे काय खेळ वाटला का? इकडं शाळेत मामा रोज घंटा देत होते. आधी मला बघितलं की "बाई, च्या घ्या" म्हणायचे, आता नुसतेच बघायचे.

तिसऱ्या दिवशी मी दुकानात शिरले. एक बाई पोळपाट घेत होती. तिच्यासमोरच मी ओरडले, "नारळाचं पाणी! नारळाचं पाणी शिंपडलं मी शेठ, जाळीवर, चांगलं करवंटीभर! आणि आळ मामांवर आलाय, आणि मी गप्प बसले! झालं समाधान?"

पोळपाटवाली तोंडाला पदर लावून हसायला लागली. शेठ मात्र गल्ल्यावरून उडी मारून उठले. पंचावन्नच्या पुढचा माणूस, खरंच उडी मारली! "अरे, मग बोर्डाला काय झालेलं नसणार! जाळी डबीपाशी हाय, पाणी डबीतच मुरलंय. बाई, तुमचा कॉम्प्युटर जिवंत हाय!" मी रडत होते आणि हे स्क्रू ड्रायव्हर शोधत होते.

आता डबी धुऊन नवे भाग टाकले की झालं, असं मला वाटलं. पण शेठनी डबीच्या आतल्या कोपऱ्यात बॅटरी मारली आणि थबकले. तिथं कुंभारणीचं घर होतं. भिंतीवर मातीची घरटी लिंपते ती माशी. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाळीतून आत शिरून तिनं तीन खोल्या बांधल्या होत्या, तिन्हींची दारं लिंपलेली. म्हणजे आत पिल्लं. "डबीला हात लावायचा नाय," शेठ म्हणाले.

"अहो, पाच दिवसांनी अध्यक्ष येणार आहेत!"

"येऊ द्या की. त्यांचा काय संबंध?"

"शेठ, ती कुंभारीण जिवंत अळ्या कोंडून ठेवते तिथं, पिल्लांना खायला. तिची कसली दया करताय?"

"तिचं कर्म तिच्यापाशी. माझा हात माझ्यापाशी."

आता या माणसाशी काय भांडणार? (ती घरं पुढं तीन आठवड्यांनी फुटली, कुंभारणी उडाल्या आणि मग शेठनी डबीसुद्धा दुरुस्त केली. पण ते नंतर.) तेव्हा मात्र मी डोक्याला हात लावून पायरीवर बसले. शेठ दुकानात येरझारा घालत होते. एकदम थांबले. "डबी काय करते, बाई? पाच व्होल्ट देते. ते आपण बाहेरून दिलं तर?"

आणि मग जे सुरू झालं ते काय वर्णावं! डबी तशीच ठेवली, तिच्या वायरी बोर्डावरून हलकेच सोडवल्या. शेजारच्या बागाइतदाराच्या ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी आली. तो ओरडतच आला, "शेठ, पेरणी तोंडावर आलीय राव!" शेठ म्हणाले, "पाऊस कुठाय अजून?" तो बिचारा आकाशाकडं बघून गप्प झाला. बाराचे पाच करायला तीन पायांची बोटभर आयसी मिळते, रेडिओवाल्यांकडं असतेच. नारायणगावहून पाच-सहा आणल्या. उणे पाच व्होल्टही लागायचे, त्यासाठी टॉर्चचे थोडे उतरलेले चार सेल उलटे जोडले. लावलं सगळं. दोन मिनिटांत आयसी अशा तापल्या की शेठचं बोटच भाजलं.

"थंड करायला पत्रा पाहिजे, मोठा," मी म्हटलं.

शेठनी दुकानभर नजर फिरवली. छतापर्यंत भांडी. मग आम्ही दोघं एकदमच बोललो, "पातेलं!"

ॲल्युमिनियमचं पाच शेरी पातेलं काढलं. काठाखाली ओळीनं भोकं पाडून आयसी बाहेरून बोल्टानं घट्ट आवळल्या. आणि आत, भोकांच्या खालीपर्यंत, पाणी. आयसी तापायच्या, पातेलं ती ऊब घ्यायचं, पाणी ती शोषायचं. साधं, सरळ! बॅटरीवर चालणारा काळापांढरा छोटा टीव्ही जोडला. शेठनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं आणि वायर टेकवली.

टूं-टीं! आवाज आला, अहो, आवाज! आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. खाली एक रेघ लुकलुकत होती, पुढं लिहा म्हणून. मी 'दोन अधिक दोन' टाइप केलं, त्यानं चार दाखवले. शेठ पोळपाटं ओलांडून रस्त्यावर गेले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलवायला लागले, "या पावणं, या! चार आलं! बरोब्बर चार!" बाजारपेठेतली निम्मी माणसं दोन अधिक दोन चार होतात हे बघायला जमली. किराणावाल्यानं मुद्दाम सत्तावीस गुणिले त्रेचाळीस विचारलं, त्याचंही उत्तर आलं.

अध्यक्ष येण्याच्या आदल्या दुपारी शेठनी पातेलं रिकामं करून माझ्यासमोर ठेवलं. वर छिन्नी आणि छोटी हातोडी. "नाव घालायचं राहिलं," म्हणाले.

मी पातेलं त्यांच्याकडं सरकवलं. "शेठ, हे शाळेत जाणार. सगळे वाचतील."

"वाचतील की."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल कदाचित," शेठ म्हणाले. खोटा धीर देणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "म्हणून म्या लिहीत नाय. लिहायचं तर तुमी लिहा. नाय लिहिलं तरी पातेलं तुमचंच." आणि ते गिऱ्हाइकाकडं गेले.

मी तासभर तशीच बसले. मग ठोकायला लागले. पहिला 'ना' तिरका आला. शेवटचं अक्षर ठोकलं तेव्हा घामानं अंग भिजलं होतं. शेठ लांबूनच म्हणाले, "ओळ जरा वर चढलीय," बस्स.

दुसऱ्या दिवशी शाळेत टेबलावर सगळं मांडलं. बॅटरी खाली, पातेलं मागं. खरं सांगते, अक्षरांची बाजू मी भिंतीकडं केली. शेठ बॅटरीपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी ते बघितलं आणि मान खाली घालून वायर पुसत राहिले.

अध्यक्ष आले, खुर्चीत बसले आणि बरोब्बर तेव्हाच लाईट गेली. वरचा पंखा थांबला. मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. "झालं! आता काय दाखवणार?"

"लाईटचा काय संबंध?" शेठ म्हणाले आणि त्यांनी वायर टेकवली.

टूं-टीं! मुलांनी असा गिल्ला केला की कौलं हलली असतील. मी सेलवरच्या टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट लावली. माझा प्रोग्रॅम चढला, पडद्यावर शाळेचं नाव सरकत गेलं, मग पाढे, मग मुलांनी विचारलेली गणितं. अध्यक्ष खुर्ची ओढून पुढं आले आणि स्वतः एका बोटानं स्वतःचं नाव टाइप करायला लागले. सगळ्या जिल्ह्यात लाईट गेली असेल आणि आमचा कॉम्प्युटर पातेल्यावर चालू! मला वाटलं, जिंकलं.

"शाब्बास बाई," अध्यक्ष उठताना म्हणाले. "तुमची ऑर्डर काढतो."

मुख्याध्यापकांनी फाइल पुढं केली. "आणि साहेब, शिपायाचं तेवढं बघायचं. त्यांनीच त्या दिवशी यंत्र जाळलं होतं. खुलासा जोडलाय."

मामा दाराशी उभे होते. टोपी हातात. अध्यक्षांनी पेन काढलं.

मी ओढणीचं टोक हाताला गुंडाळलं आणि पातेलं फिरवलं. वायरी ताणल्या, शेठनी पटकन बॅटरी पुढं सरकवली. पडदा एकदा थरथरला आणि स्थिर झाला. "मामा, वाचा," मी म्हटलं.

मामा टेबलापाशी आले. चौथी शिकलेले. बोट ठेवून एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचायला लागले. "ना-र-ळा-चे... पाणी... मी... शिंपडले." मग खालची ओळ. तिथं माझं नाव होतं. ते वाचून ते थांबले.

"म्हणजे?" मुख्याध्यापक म्हणाले.

"म्हणजे मामांनी काही केलं नाही, सर. बटण दाबा म्हणूनसुद्धा मीच सांगितलं होतं. त्या दिवशी मी भ्याले."

अध्यक्षांनी पेनाचं टोपण लावलं. माझ्याकडं बघितलं, पातेल्याकडं बघितलं. "पूजा करा म्हणून निरोप मीच धाडला व्हता," ते म्हणाले. "आता मला बी लिहायला लावता का काय त्यावर?" कोणी हसलं नाही. त्यांनी खुलाशाचा कागद फाइलीतून काढला, चार घड्या केल्या आणि स्वतःच्या खिशात घातला. मामांच्या कागदावर सही केली. माझ्या कागदावर नाही केली. म्हणाले, "बाई, तुमचं वरीसभर बघू. हंगामीच ऱ्हावा." आणि खरं सांगते, मला इतकं हलकं वाटलं, की उड्या माराव्यात.

पण मामा माझ्याकडंच बघत होते. सही झालेल्या कागदाकडं नाही. "आठ दिस, बाई," ते म्हणाले. "आठ दिस माझ्या घरात कुणी धड जेवलं न्हाई. माझी लेक हाय तुमच्याएवढी."

माझा बांध फुटला. "चुकलं माझं, मामा. फार चुकलं." मामांनी टोपी डोक्यावर चढवली. मुलं टकामका बघत होती. कुणी कुठं बघावं ते कुणालाच कळेना.

तेवढ्यात शेठनी खालून पातेल्याला बोट लावून झटकन मागं घेतलं. "अहो, पाणी कढत झालं की! कुणीतरी गार आणा, नायतर बंद पडंल!"

मामा वळले आणि बाहेर गेले. मला वाटलं, गेलेच. पण हौदावर बादली आपटल्याचा आवाज आला आणि ते कळशी भरून घेऊन आले. शेठनी गरम पाणी तांब्यानं उपसून काढलं. वायरी, बॅटरी, उघडा बोर्ड, सगळं टेबलावर तसंच चालू होतं. मी ओढणी मधे घेऊन दोन्ही हातांनी पातेलं धरलं.

"नीट धरा," मामा म्हणाले, आणि अगदी बारीक धारेनं त्यांनी ओतायला सुरुवात केली. एक थेंबसुद्धा बाहेर पडला नाही.